पेटीतली आढी

बेसिनच्या जाळीत काळ्या बिया अडकायला लागल्या की आमच्या घरी हंगाम सुरू झाला असं समजायचं. कॅलेंडर बघावं लागत नाही. दसरा होऊन गेलेला असतो, दुपारचं ऊन अजून डोकं तापवत असतं, पण पहाटे पायाशी पांघरूण चाचपावं लागतं, आणि दौलताबादच्या रस्त्याला टोपल्यांची रांग लागलेली असते. टोपलीत खाली पानं, वर हिरवी-पांढुरकी सीताफळं. तिथून पुढचे पाच-सहा आठवडे या घरात कुठंही बी सापडू शकते. सोफ्याच्या फटीत, माझ्या बुटात, एकदा तर वृंदाच्या चष्म्याच्या डबीत. वृंदा म्हणजे माझी बायको. ती दरवर्षी चिडते, आणि दरवर्षी पहिली टोपली तीच घेऊन येते.

मला हे फळ पूर्वी फारसं आवडायचं नाही. खाणं थोडं आणि थुंकणं फार, असला कारभार. मी मूळचा वैजापूरचा. वडील मार्केट यार्डात मापाडी होते, त्यामुळं कांदा हातात घेतला की किती दिवस टिकेल ते मला सांगता येतं. कपाशीतली ओल बोटांना कळते. पण सीताफळ आमच्याकडं पिकलेलंच यायचं, बाजारातून, पिशवीत वरच्या वर ठेवून. ते पिकतं कसं, हा प्रश्न मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. पडला तेव्हा तो सात वर्षांच्या एका मुलीमुळं पडला, आणि त्याचं उत्तर चुकलं असतं तर आज हे घर दोघांचंच राहिलं असतं.

त्या वेळी आम्ही नॉर्वेत होतो. बर्गन नावाच्या गावात मी पाणी शुद्ध करण्याच्या प्रकल्पावर नोकरी करत होतो. तिथं पाऊस इतका, की सूर्य दिसला तर ऑफिसातली माणसं एकमेकांना फोन करून सांगत. मूल होत नव्हतं. त्याची रडकथा मी इथं सांगणार नाही, आमची दोघांची ती एकमेकांना पुरेशी सांगून झाली होती. दत्तक घ्यायचं ठरलं आणि वृंदा म्हणाली, "आपल्याच गावाकडचं मूल असेल तर बरं. निदान भांडायला भाषा असेल." ती संभाजीनगरची, सिडकोत वाढलेली. अर्ज केला, चौकश्या झाल्या, घर बघायला माणसं येऊन गेली, आणि मग नुसतं थांबणं सुरू झालं.

थांबणं वृंदानं विणून काढलं. पहिला स्वेटर तिनं अगदी तान्ह्या बाळाच्या मापाचा विणला. वर्ष गेलं, फोन आला नाही. मग तिनं वर्षभराच्या बाळाच्या मापाचा विणला. मग दोन वर्षांच्या. असे चार वर्षांत सहा स्वेटर झाले, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा. मी एकदा गमतीनं म्हटलं, "अशीच विणत राहिलीस तर शेवटी मलाच बसेल." ती हसली नाही. तिनं लोकर उचलली आणि दुसऱ्या खोलीत गेली. ते बोलल्याचं मला अजून वाईट वाटतं.

फोन आला तेव्हा पलीकडून दत्तक संस्थेतल्या बाई सांगत होत्या, की तीन वर्षांचा मुलगा आहे, तब्येत चांगली आहे, मात्र त्याला एक मोठी बहीण आहे आणि त्या दोघांना आम्ही वेगळं करत नाही, तेव्हा तुम्ही नीट विचार करून... वृंदानं त्यांचं वाक्य पूर्ण होऊच दिलं नाही. "दोघंही," ती म्हणाली. विचार करण्याचं काम तिनं माझ्यावरही सोडलं नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. मी विचार केला असता, तर तो बराच लांबला असता.

मुलीचं नाव रेणुका, मुलाचं समाधान. सोयगावच्या पलीकडच्या डोंगरपट्ट्यातली मुलं. मेंढरं राखणारं घर, आई-वडील राहिले नव्हते, म्हाताऱ्या आजोबांनी होतं तोवर सांभाळलं आणि मग हात टेकले. एवढंच आम्हाला ठाऊक होतं, आणि आजही त्याहून फार जास्त ठाऊक नाही. आम्ही आलो ते याच दिवसांत. संस्थेजवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सकाळी मुलांना घेऊन यायचं, दिवसभर आमच्याकडं, सांजेला परत पोचवायचं. आठवड्याभरानं कोर्टात जायचं होतं. तिथं जज्जसाहेब मुलीला स्वतः विचारणार होते. ती सात वर्षांची, कळती. ती नाही म्हणाली तर विषय संपला, हे आम्हाला स्पष्ट सांगितलेलं होतं.

मी पूर्ण तयारीनिशी आलो होतो. आमच्या घराचे फोटो चिकटवलेली वही होती. पहिल्या दिवशी काय बोलायचं, दुसऱ्या दिवशी काय दाखवायचं, याची यादी होती. मुलांशी त्यांच्याच भाषेत बोलता येणार, मग अवघड काय, असा माझा हिशेब होता. मी वही उघडली आणि बर्फाचा फोटो दाखवला.

"हे काय हाय?" रेणुकेनं विचारलं.

"बर्फ. आपल्या घरासमोर पडतो."

"मंग मेंढरं काय खात्यात?"

माझ्या यादीत याचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, थंडीत त्यांना घरात ठेवतात, आयता चारा देतात. तिनं माझ्याकडं जरा कीव आल्यासारखं बघितलं, वही मिटली आणि भावाचं नाक पुसायला गेली.

ती भावाची आईच झाली होती. त्याचे हातपाय धुणं, केस विंचरणं, चपलेचा पट्टा लावणं, सगळं तीच करायची. वृंदानं त्याच्यासाठी वरणभात कालवला तर ती ताट आपल्याकडं ओढून घ्यायची. उद्धटपणा नसायचा त्यात. "त्याला म्या चारती," एवढंच म्हणायची. संस्थेच्या मागच्या अंगणात सीताफळाचं झाड होतं. मुलांना सांभाळणाऱ्या कौसामावशी तिला त्यातलं एखादं पिकलेलं काढून देत. मग दोघं भावंडं पायरीवर बसत. ती एकेक पाकळी काढायची, बोटांनी दाबून बी बाजूला करायची, आणि नुसता गर त्याच्या तोंडात घालायची. तो चिमणीसारखा तोंड उघडून बसलेला. एक फळ संपायला अर्धा तास लागे आणि तिच्या स्वतःच्या तोंडात फक्त बोटांना चिकटलेलं जाई. वृंदा दारात उभी राहून ते बघायची. एकदा हळूच मला म्हणाली, "या मुलीला आई नकोच आहे. हिच्यापाशी माझं काय काम?" तिचा आवाज इतका पडलेला मी आधी कधी ऐकला नव्हता.

चौथ्या दिवशी मी सुटकेसमधून टॉवेल काढायला गेलो आणि हाताला काहीतरी टणक लागलं. स्वेटरांच्या घडीत पाच कच्ची सीताफळं होती. त्यांच्या मागे चार-दोन मुंग्याही आल्या होत्या. मला वाटलं, पोरांनी खेळता खेळता टाकली असतील. मी इंजिनियर माणूस. फळं उचलली, नळाखाली स्वच्छ धुतली, पुसली, आणि भाड्याच्या घरातल्या छोट्या फ्रिजमध्ये ओळीनं लावून ठेवली. स्वेटर झटकले, परत घडी घातली. आपण फार नीट काम केलं असंच मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी रेणुका आली ती थेट सुटकेसकडं गेली. तिला ती पेटी म्हणायची. घडीत हात घालून तिनं चाचपलं. मग माझ्याकडं बघितलं. मी मोठ्या उत्साहानं फ्रिज उघडून दाखवला. "बघ, नीट ठेवलीत!" तिनं एक फळ हातात घेतलं, गार लागल्यावर परत ठेवलं, आणि समाधानला उचलून कडेवर घेतलं. त्या दिवशी ती आमच्याशी एक शब्द बोलली नाही. वृंदानं समाधानच्या गालाला हात लावला तर तिनं पाठ फिरवली. जेवली नाही. त्यालाही आमच्या ताटातलं जेवू दिलं नाही. कोर्टाला तीन दिवस उरले होते.

सांजेला पोरं पोचवायला गेलो तेव्हा कौसामावशींना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"आवो, आढी लावली व्हती तिनं! कच्चं फळ उबंला ठेवावं लागतंय. धान्यात नायतर जुन्या कपड्यात. चार-पाच दिसांत पिकतंय. तुमी फ्रीजात घातलं, आता ते मेलं. काळं पडंल, पिकायचं नाय."

"पण आमच्या बॅगेत कशाला?"

मावशी हसल्या. "तुमी शिकलेली माणसं, इतकं कळंना व्हय? जिथं राहायचं नाय तिथं कुणी आढी लावतंय का? पोरीनं तुमच्या पेटीत लावली म्हंजी तिला तुमच्यापाशीच राहायचंय. तोंडानं बोलत नाय ती, पण लई श्यानी हाय."

मी तसाच उलट्या पावली दौलताबादच्या रस्त्याला लागलो. एका हातगाडीवाल्या चाचांपाशी रिक्षा थांबवली आणि घाईघाईनं फळं उचलायला लागलो. त्यांनी माझा हात धरला. "ठैरो साब, ऐसे कैसे लेते? ये आंखां देखो. आंखां खुले तो पकता, नै तो पत्थर." सीताफळाला डोळे असतात हे मला त्या दिवशी कळलं. पाकळ्यांमधल्या रेघा रुंद झाल्या, पिवळसर दिसायला लागल्या की डोळे उघडले. चाचांनी स्वतः निवडून बारा फळं दिली. कशाला हवीत ते मी सांगितलं, तर तेरावं पिकलेलं फळ वर ठेवून म्हणाले, "ये बच्ची को दो. बोलो, चाचा ने भेजा." ते तेरावं तिनं अर्थातच भावाला चारलं.

दुसऱ्या दिवशी मी रेणुकेसमोर खाली बसलो आणि म्हटलं, "माझं चुकलं. मला आढी माहीत नव्हती. तू लावून दाखवशील का?" मोठ्या माणसानं असं म्हणावं याची तिला सवय नसावी. मग तिनं पेटी ओढली. सगळ्यात जाड स्वेटर खाली अंथरला. वृंदा तिच्याशेजारी जमिनीवर बसली होती आणि एकेक फळ तिच्या हातात देत होती. रेणुका ओठ हलवत, काहीतरी पुटपुटत, देठ खाली करून फळं लावत गेली. नऊ लावली. उरलेली तीन बाजूला सरकवली. मला वाटलं, ती चांगली नसतील. तेवढ्यात समाधाननं खोलीची चावी कुठंतरी टाकली होती ती शोधायला मी वाकलो. वळून बघितलं तर वृंदा ती तीन फळंही आत ठेवत होती, काहीतरी बोलत होती, आणि रेणुका तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. मग दोघींनी मिळून वरून स्वेटर पांघरले. मला चावी कपाटाखाली सापडली.

कोर्टात मी घामानं भिजलो होतो. साहेब चष्म्याचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी रेणुकेला जवळ बोलावलं. "बाळ, तुला यांच्यासोबत जायचंय का? खरं सांग. नको असेल तर नको म्हण, कुणी रागावणार नाही."

खोलीतला पंखा कुरकुरत होता. वृंदानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नंतर दोन दिवस तिथं वळ होता.

"जायाचंय," रेणुका म्हणाली. "आढी लावली हाय आमी. परवा पिकंल."

साहेब गावाकडचे असणार. ते मोठ्यांदा हसले आणि म्हणाले, "मग तर जायलाच पाहिजे."

आढी पिकली त्या दिवशी खोली वासानं भरून गेली होती. एक फळ आतल्या आत फुटलं होतं आणि सगळ्यात मोठ्या स्वेटरवर त्याचा डाग पडला होता, तो आजही आहे. वृंदानं चार ताटल्या मांडल्या. रेणुकेनं समाधानसाठी बिया काढायला घेतल्या, पण पहिली पाकळी त्याला देऊन झाल्यावर ती थांबली. वृंदाकडं ताटली सरकवली. "तुमी चारा," म्हणाली. "मला बी खायचंय." वृंदाच्या हातून बी नीट निघेना. रेणुकेनं तिचं बोट धरून दाखवलं. असं दाब. आता सोड. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या मुलीला स्वतःसाठी खाताना बघितलं. दोन्ही हातांनी, कोपरापर्यंत ओघळ, बिया फुर्रकन खिडकीबाहेर. वृंदा रडत होती आणि पदरानं नाक पुसत समाधानला चारत होती. मीही रडलो असणार, पण ते मी आजवर कबूल केलेलं नाही.

त्याला आता बारा वर्षं झाली. सात वर्षं बर्गनमध्ये काढून आम्ही इथं परतलो. पहिल्याच हिवाळ्यात वृंदानं रेणुकेसाठी लाल स्वेटर विणला, तो तिनं कोपरं फाटेपर्यंत घातला. बर्फात मेंढरं काय खातात हे तिनं एका तिथल्या शेतकऱ्याला स्वतः विचारून खात्री करून घेतली आणि मी खोटं बोललो नव्हतो असा निर्वाळा दिला. समाधान पंधरा वर्षांचा आहे, घरात वाकून शिरतो. रेणुका पुण्याला हॉस्टेलवर असते, पशुवैद्यकाचं शिकते. लोक मला म्हणतात, तुम्ही फार मोठं काम केलंत, दोन मुलांचं कल्याण केलंत. मी आधी वाद घालायचो, आता नुसता हसतो. ज्या घरात संध्याकाळी सात वाजता दोन माणसं एकमेकांना काय बोलावं ते सुचत नसे, त्या घराचं कल्याण कुणी केलं हे मला ठाऊक आहे.

सीताफळाचे दिवस आले की मी ही गोष्ट सांगतो. घरी जो कुणी येईल त्याला. पोरीनं पेटीत आढी लावून आम्हाला होकार दिला, शब्दही न बोलता. मावशींचं वाक्य मी त्यांच्या आवाजात म्हणतो, साहेबांचं हसू हसून दाखवतो. बारा वर्षांत ती चांगली घोटून झाली आहे.

गेल्या रविवारी दुपारी रेणुका आली. बॅग टाकली, हात धुतले आणि जुनी पेटी माळ्यावरून काढायला लावली. टोपली मीच आणून ठेवली होती, डोळे बघून. ती जमिनीवर बसून डागाळलेला स्वेटर अंथरत होती. समोर समाधानचा मित्र बसला होता, नवा श्रोता, म्हणून मी सुरुवात केली. होकारापर्यंत आलो तेव्हा ती वर न बघता म्हणाली, "पप्पा, तुम्ही दरवर्षी चुकीचं सांगता."

"काय चुकीचं?"

"ती पाच फळं मी राहण्यासाठी नव्हती लावली. समाधानसाठी लावली होती. मला वाटलं होतं, तुम्ही त्यालाच नेणार."

खिडकीत उभा असलेला समाधान वळला.

"पेटी उघडून बघितली होती मी," ती अगदी साध्या आवाजात सांगत होती. "सगळे स्वेटर लहान. माझ्या अंगाचा एकही नव्हता. मावशी म्हणायच्या दोघांना नेणार, पण मोठी माणसं असं म्हणतातच. मी म्हटलं, पेटी तर त्याच्यासोबत जाणार. तिथं पोचेपर्यंत पिकतील. रडला तर कुणीतरी देईल."

सात वर्षांच्या मुलीनं आपल्या परीनं निरोपाची तयारी केली होती, आणि मी ती धुऊन फ्रिजमध्ये ठेवली होती. तिच्या मापाचा स्वेटर तिकडं गेल्यावर तिला रंग विचारून विणायचा, असं आम्ही ठरवलं होतं. किती छान कल्पना वाटली होती. तिला मात्र ती सांगायची राहून गेली. माझ्या यादीत सगळं होतं, बर्फसुद्धा होता, आणि "तुम्ही दोघंही" हे दोन शब्द नव्हते.

"मग कोर्टात हो का म्हणालीस?" मी विचारलं.

"तोवर दुसरी आढी लागली होती ना. मी नऊच लावली होती. समाधानची तीन, आईची तीन, तुमची तीन. बाकीची बाजूला ठेवली." तिनं स्वेटरची बाही सरळ केली. "आई म्हणाली, अगं, तुझी राहिली की."

वृंदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडं बघितलं. तिनं मान हलवली. आपण असं काही म्हटल्याचं तिला आठवत नाही. बोलता बोलता, फळं उचलता उचलता तोंडून गेलेलं वाक्य. माझ्या वहीनं, यादीनं, चार वर्षांच्या अर्जांनी जे झालं नाही ते त्या एका वाक्यानं झालं, आणि मी त्या वेळी कपाटाखाली चावी शोधत होतो. त्या वाक्याचे आभार कुणाचे मानावेत तेही मला कळेना, कारण ज्या बाईनं ते म्हटलं तिच्या ते गावीही नव्हतं.

वृंदा येऊन रेणुकेशेजारी बसली, खांद्याला खांदा लावून. मीही गुडघे दाबत खाली बसलो आणि टोपलीतली फळं एकेक करून रेणुकेच्या हातात द्यायला लागलो. ती देठ खाली करून लावत गेली. नऊ झाली. टोपलीत तीन उरली. मी ती तिन्ही उचलली.

"ही तुझी," मी म्हटलं.

"माहितीय," ती म्हणाली, आणि आत ठेवली.